तडजोड बाहेर, हुकूमनामा न्यायालयात: नाशिकमधील दाखलपूर्व मध्यस्थीची अर्ज प्रक्रिया

मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का घेतलेल्या सोडचिठ्ठीने हिंदू विवाह संपुष्टात येत नाही. समाजात तशी जुनी रूढी आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करता आले, तर तेवढाच काय तो अपवाद. मात्र पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन आणि घराचे हप्ते हे वादाचे खरे विषय न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच मिटवता येतात, आणि त्यासाठीच दाखलपूर्व मध्यस्थीची सोय आहे.

अर्ज नाशिक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. निफाड, सिन्नर किंवा मालेगावकडील पक्षकारांना तालुका विधी सेवा समितीकडेही जाता येते. पती किंवा पत्नी, कोणीही एकट्याने अर्ज करू शकते आणि या मध्यस्थीसाठी शुल्क आकारले जात नाही. मोफत वकिलाची पात्रता ही मात्र वेगळी बाब आहे: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, तर अन्य कोणत्याही पात्र प्रवर्गात न मोडणाऱ्या पुरुषाचे वार्षिक उत्पन्न महाराष्ट्रात तीन लाख रुपयांच्या आत असावे लागते.

साध्या कागदावरील अर्जात दोघांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक, विवाहाची तारीख आणि वादाचे थोडक्यात स्वरूप लिहावे. सोबत आधार कार्ड, विवाह नोंदणी प्रमाणपत्र (ते नसल्यास लग्नपत्रिका व छायाचित्रे), मुलांचे जन्मदाखले आणि उत्पन्नाचे पुरावे जोडावेत. शेतजमिनीच्या उत्पन्नाचा प्रश्न असेल तर सातबारा उतारा जवळ ठेवावा, कारण द्राक्षबागेच्या उत्पन्नावरून पोटगीचा आकडा ठरवताना तोंडी अंदाजावर एकमत क्वचितच होते.

त्यानंतर समोरच्या पक्षाला नोटीस जाते. तो आला नाही, तर सक्ती करता येत नाही. आला, तर मध्यस्थ दोघांशी एकत्र आणि स्वतंत्रपणे बोलतो, आणि तेथील बोलणे गोपनीय राहते.

मसुदा लिहिताना घाई करू नये. ‘वडील मुलाला भेटू शकतील’ हे वाक्य पुढच्या भांडणाचे बी आहे. त्याऐवजी ‘दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते रविवारी सायंकाळी सहा, दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, ने-आण करण्याची जबाबदारी वडिलांची’ असे लिहावे. स्त्रीधनाची यादीही पाटल्या, मंगळसूत्र, कपाट अशी वस्तुवार, आणि दागिने वजनासह असावी.

पोटगीसारख्या मुद्द्यांवरील तडजोड लोकअदालतीपुढे नोंदवल्यास तिच्या निवाड्याला विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 21 नुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे (अंतिम आदेशाचे) बळ येते आणि त्यावर अपील होत नाही. घटस्फोट मात्र लोकअदालतीच्या कक्षेबाहेर आहे. त्यासाठी नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 13-ब खाली परस्पर संमतीची याचिका दोघांनी मिळून करावी लागते व तडजोडपत्र तिच्यासोबत जोडता येते. दोघे किमान एक वर्ष विभक्त असणे आवश्यक आहे. येथे ‘विभक्त’ म्हणजे पती-पत्नी म्हणून न नांदणे, त्यामुळे एकाच छताखाली राहणारेही त्यात येऊ शकतात. याचिकेनंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा संमती द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निर्णयानुसार सहा महिन्यांचा हा कालावधी योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, आणि तसा अर्ज करताना पोटगी व ताब्याचे मुद्दे खरोखर मिटल्याचे दाखवणारे तडजोडपत्र सर्वाधिक उपयोगी पडते.

घरात मारहाण होत असेल, तर मध्यस्थीची वाट पाहू नये. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे थेट जावे. विधी सेवेच्या माहितीसाठी 15100 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.