टाचेतली लस

भातलावणीला दिवसभर चिखलात उभं राहिलेल्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, फाटते आणि रात्री चुरचुरते. त्याला आपण चिखल्या म्हणतो. घोड्यालाही चिखल्या होतात. त्याला बोटं नाहीत, पण खुराच्या मागे, टाचेच्या दोन गाद्यांच्या वर एक खोबण असते. ती दर पावलाला दुमडते आणि उलगडते. ओल तिथे साचते आणि कातडीही आधी तिथेच फुटते.

अशी टाच मी पहिल्यांदा चाचपली ती माथेरानला, एका जुलैत. मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे तिथलं बरंच ओझं घोड्यांच्याच पायांवर असतं आणि पावसाळ्यात त्या पायांखाली लाल चिखल असतो. वरून पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं, नुसते ओले केस. बोटं केसांच्या उलट फिरवली तेव्हा मुळाशी तांदळाच्या कण्यांसारखे खडे हाताला लागले. मोतद्दाराने कोमट पाण्याने भिजवून त्यातला एक हलकेच सोडवला. त्याबरोबर केसांचा झुबका निघून आला, रंगाच्या ब्रशासारखा, आणि त्याच्या बुडाशी पिवळट-हिरवा पू. खाली उघडी पडलेली कातडी गुलाबी होती आणि तिच्यातून लस येत होती. घोड्याने लाथ मारली नाही. पाय उचलून धरला आणि बराच वेळ टेकलाच नाही.

जखमेतून पाझरणाऱ्या पातळ पाण्याला मराठीत लस म्हणतात, आणि दंडावर टोचतात तीही लसच. हे दोन अर्थ योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. टोचायची पहिली लस खरोखरच फोडातून काढलेली लस होती. ज्या डॉक्टरने ती जगापुढे मांडली, त्याची तर ठाम समजूत होती की तिचा उगम घोड्याच्या दुखऱ्या टाचेत आहे.

तो डॉक्टर म्हणजे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यातल्या बर्कली गावचा एडवर्ड जेन्नर. गाईच्या सडांवर येणाऱ्या फोडांवर, म्हणजे गोस्तन देवीवर, त्याने १७९८ साली आपला प्रबंध छापला. शाळेत आपण गवळण, गाय आणि मुलगा एवढीच गोष्ट शिकतो. प्रबंध उघडला की सुरुवातीलाच घोडा भेटतो. नालबंद ज्याला ‘ग्रीस’ म्हणतात तो घोड्याचा रोग जेन्नर आधी सांगतो: टाचेला दाह होतो, ती सुजते आणि तिच्यातून विशिष्ट गुणाचं द्रव्य वाहतं. मग तो आपल्या मुलखातली रीत सांगतो. इथे दूध काढायला बायका असतात तसे गडीही असतात. सकाळी एखादा गडी घोड्याच्या टाचेला मलम लावतो आणि हात न धुता गाईच्या सडाला लावतो. त्या हातातून रोग गाईकडे जातो आणि गाईकडून गवळणीच्या हातावर येतो.

त्याने नोंदवलेला पहिला माणूस म्हणजे जोसेफ मेरेट. १७७० साली हा एका शेतकऱ्याकडे गडी होता. घोड्यांच्या टाचा दुखू लागल्या, त्यांची देखभाल त्याच्याकडे आली आणि अधूनमधून तो गाईही पिळायचा. लवकरच गाईंना फोड आले, मग त्याच्याही हातांना आले. पंचवीस वर्षांनी, एप्रिल १७९५ मध्ये, त्याला माणसाच्या देवीचं द्रव्य टोचून पाहिलं, तर देवी उठेचनात.

जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला १४ मे १७९६ रोजी टोचलं ती गोष्ट सर्वांना माहीत आहे. सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली ती लस. पण जेन्नरने १६ मार्च १७९८ रोजी जॉन बेकर नावाच्या पाच वर्षांच्या पोराला टोचलं, त्यात गाय नव्हतीच. घोडीच्या टाचेपासून ज्याच्या हातावर फोड आला होता अशा थॉमस व्हर्गो नावाच्या गड्याच्या हातातली लस थेट त्या पोराच्या दंडात गेली. पोर पुढे अनाथ-गरिबांसाठीच्या आश्रमात तापाने आजारी पडलं आणि दगावलं, त्यामुळे त्याला देवी लागतात का हे पाहायचं राहून गेलं. लसीकरणाच्या इतिहासात या मुलाचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

घोड्याची ही कल्पना त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांनी मोडीत काढली. त्यांनी सुजलेल्या टाचांतून लस काढून गाईंना टोचली आणि काहीच उठलं नाही. का उठलं नाही, याचं उत्तर ‘ग्रीस’ या शब्दातच होतं. तो एका रोगाचा शब्द नव्हता, जागेचा होता. टाच सुजली, केस चिकटले, वास आला की नालबंद म्हणणार ग्रीस. त्या एका गाठोड्यात चिखलाने फुटलेली कातडी होती, किड्यांनी खाल्लेली होती, भारी घोड्यांच्या पायात साचणारी सूज होती आणि क्वचित कधी घोड्याच्या खऱ्याखुऱ्या देवीही होत्या. पहिल्या तिन्हींतली लस कितीही टोचली तरी देवीपासून संरक्षण मिळणार कुठून?

ही गाठ पहिल्यांदा सोडवली ती यॉर्कशरमधल्या जॉन लॉय या डॉक्टरने, १८०१ साली. त्याने घोड्याच्या टाचेतली लस गाईंना आणि मुलांना टोचून दाखवली आणि ग्रीसचे दोन प्रकार वेगळे काढले: एकात घोड्याला आधी ताप येऊन मग फोड उठतात, दुसरा नुसताच टाचेपुरता. पहिल्यातली लस लागू पडते, दुसऱ्यातली नाही. मिलानमध्ये लुईजी साक्कोनेही घोड्याच्या द्रव्याने टोचण्या केल्या. पुढे १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये तूलूजजवळ घोड्यांत साथ आली तेव्हा आल्फोरच्या पशुवैद्यक शाळेतल्या आंरी बूलेने या रोगाला घोड्याच्या देवी असं स्वतंत्र नाव दिलं. हे फोड घोड्याच्या तोंडातही येतात आणि टाचेमागेही. तोंडात आले तर कुणी त्याला ग्रीस म्हणत नव्हतं, टाचेवर आले की म्हणत होतं.

जेन्नरची बाजू पुरती कळायला त्याच्या मागे दोनशे वर्षं जावी लागली. लसीतला विषाणू आणि गाईच्या देवीचा विषाणू एक नाहीत हे अॅलन डाउनीने १९३९ साली दाखवलं. मग लसीतला आला कुठून? १९७६ साली मंगोलियात आजारी घोड्यातून एक विषाणू वेगळा केलेला होता. २००६ साली त्याची जनुकं वाचली तेव्हा तो लसीतल्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. २०१७ साली तर फिलाडेल्फियाच्या मलफर्ड कंपनीने १९०२ मध्ये बनवलेली देवीची लस तपासली गेली आणि तिच्यातल्या विषाणूच्या जनुकांचा गाभा घोड्याच्या देवीच्या विषाणूशी ९९.७ टक्के जुळला. लसीला इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये गाईवरून नाव पडलं, आणि बाटलीत निदान काही ठिकाणी घोडाच होता.

मुंबईचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. युरोपातून समुद्रमार्गे लस पाठवायचे प्रयत्न फसत होते, ती वाटेतच निकामी व्हायची. व्हिएन्नाच्या जाँ दे कारो या डॉक्टरने ती इस्तंबूल, बगदाद, बसरा अशी खुष्कीने पुढे सरकवली. बसऱ्याहून ती जहाजाने मुंबईला आली आणि १४ जून १८०२ रोजी अॅना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानात लागू पडलेली ही पहिली लस. तिच्या दंडातल्या फोडातून पुढच्या दंडात, त्या दंडातून आणखी पुढे, अशी ती देशभर पोचली. ही लस लोंबार्दीतल्या गाईंची, असं दे कारोचं म्हणणं होतं. पण तिची वाट पुढे कितीही लांबली तरी ती फोडातून फोडातच चाललेली होती.

लसीची कीर्ती जगभर झाली, टाच मात्र नालबंदाकडेच राहिली.

पशुवैद्यकाची पहिली शाळा फ्रान्समध्ये ल्यों इथे १७६२ मध्ये सुरू झाली, लंडनची १७९१ मध्ये, आणि परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं घोड्याची टाच बरी करण्यामागे एकच कल्पना होती: अंगातले वाईट रस पायाकडे उतरतात आणि टाचेतून बाहेर पडतात. म्हणून रक्त काढा, जुलाब द्या. टाचेवर कोंड्याचं किंवा अळशीचं पोटीस बांधा आणि मग वाहणारी लस आटवायला तुरटी, मोरचूद, शिशाचं मीठ, टर्पेंटाइन लावा. उघड्या कातडीवर मोरचूद म्हणजे काय, हे ज्याला कधी फाटलेल्या ओठाला मीठ लागलंय त्याला सांगायला नको. पोटीस तर त्याहून वाईट, कारण ओल्या रोगावर आणखी ओल बांधली जायची. त्या घोड्यांनी लाथा मारल्या असतील तर मला त्यांचा राग येत नाही.

गोष्ट हळूहळू बदलली ती तबेल्यातल्या निरीक्षणाने. १९ व्या शतकातल्या जाणत्या पशुवैद्यांच्या लक्षात आलं की शहरातल्या निगराणीतल्या घोड्यांनाच हा त्रास जास्त. त्यांच्या टाचेवरचे केस शोभेसाठी कातरले जायचे, कामावरून आलं की पाय धुतले जायचे आणि तसेच ओले सोडले जायचे. पाणी खाली निथळून जावं म्हणून निसर्गाने दिलेली पन्हळच काढून टाकलेली. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात लाखो घोडी आणि खेचरं महिनोन्महिने उभी राहिली, तेव्हा लष्करी पशुवैद्यांनी हाच नियम सैनिकांच्या गळी उतरवला: चिखल धुऊ नका, वाळू द्या आणि वाळल्यावर झाडा.

आपल्याकडे मराठा फौजा पावसाळ्यात छावणी करायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या. त्याची कारणं वेगळी होती, भरलेल्या नद्या आणि दाणावैरण. तरी चार महिने पागेतल्या घोड्याच्या टाचेला रोजची वाटचाल चुकायची. आज पुण्यातली घोड्यांची शर्यत नेमकी पावसाळ्यातच असते, तेव्हा तिथल्या मोतद्दारांना ही सवलत नाही.

रोगाचा एक मुख्य जंतू सापडला १९१५ साली, बेल्जियन काँगोत, तोही गुरांच्या कातडीवर. रने व्हान साखेम या पशुवैद्याने तो वर्णिला आणि त्याचं नाव पडलं डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस, म्हणजे काँगोचा कातडीप्रेमी. सूक्ष्मदर्शकाखाली तो आगगाडीच्या रुळांसारख्या दुहेरी ओळींत दिसतो. खपलीत तो कोरडा निपचित पडून राहतो. पाणी लागलं की त्याचे बीजाणू शेपट्या फुटून पोहू लागतात आणि फुटलेल्या कातडीत शिरतात. कोरड्या, धड कातडीवर त्याचं फारसं काही चालत नाही. सैनिकांच्या नियमामागचं कारण असं विज्ञानाने नंतर पुरवलं.

पण हाही एकटा जंतू म्हणजे सगळा रोग नव्हे, ग्रीसचं गाठोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. शायर, क्लाइड्सडेल अशा पायांवर दाट झालर असलेल्या भारी घोड्यांत कोरिऑप्टेस नावाचे किडे असतात, घोडा रात्रभर पाय आपटतो. त्याच जातींत पायातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसवाहिन्याच कमकुवत असतात आणि सूज वर्षानुवर्षं वाढत जाऊन कातडीला गाठी येतात. याला स्वतंत्र रोग म्हणून ओळख मिळाली ती २००० नंतरच्या काही वर्षांत. आणि पांढऱ्या पायांचं प्रकरण वेगळंच. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी घोडा आपण शुभ मानतो, लग्नात त्याला मान देतो. पण त्या पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, तिला ऊन सोसत नाही. यकृत बिघडलं किंवा काही वनस्पती पोटात गेल्या की नेमके तेच पाय भाजल्यासारखे होतात. म्हणून फक्त पांढऱ्याच पायांना खपल्या धरल्या असतील तर चिखलाला दोष देऊन गप्प बसू नये, डॉक्टरांना सांगावं.

आज टाच बरी करायची ती अशी. आधी घोडा कोरड्या जागी बांधायचा, बाकी सगळं त्यानंतर. टाचेभोवतीचे केस मशीनने कापायचे, म्हणजे हवा लागते आणि काय चाललंय ते दिसतं. शोभेसाठी कातरणं चूक होतं, दुखऱ्या टाचेवर उपचारासाठी ते बरोबर आहे. सुकी खपली ओढून काढायची नाही. तिच्यावर रात्री तेलकट मलम लावून वरून पातळ प्लास्टिक गुंडाळलं की सकाळी ती आपण होऊन सुटते. मग पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडिनने धुवायचं, ते दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, साध्या पाण्याने काढायचं आणि मऊ कापडाने टिपून टाच पुरती कोरडी करायची. घासायचं नाही, टिपायचं. हे शेवटचं काम घाईत उरकलं की बाकी सगळी मेहनत वाया जाते. कातडी मिटेपर्यंत रोज बघायचं, रोज धुवायचं नाही. पाय वर घोट्यापर्यंत सुजला, घोडा लंगडू लागला किंवा ताप आला तर प्रतिजैविकं लागतात आणि ती डॉक्टरांनीच द्यायची. धनुर्वाताची लस दिलेली आहे ना, हे तेव्हाच पाहून घ्यायचं, कारण घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा प्राणी दुसरा क्वचितच असेल.

आणि हे सगळं करताना हातमोजे घालायचे. डर्मॅटोफिलस माणसाच्या कातडीलाही लागतो. त्या जुलैत मोतद्दाराने उघड्या हातांनी तो खडा सोडवला होता, आणि काम झाल्यावर हात धोतराला पुसून तो दुसऱ्या घोड्याकडे वळला. बर्कलीजवळच्या त्या शेतात जोसेफ मेरेटही असाच वळला असणार, गाईकडे.