पार्श्वभूमी : गोव्यात स्वस्त धान्याची घरं कशी ठरत गेली

गोव्यातल्या किती माणसांना स्वस्त धान्य द्यायचं, हे ज्या घरखर्च पाहणीवरून ठरलं ती जुलै 2011 ते जून 2012 या काळातली. तेव्हा खाणी चालू होत्या, डिचोली-सांगे भागात खनिजाच्या ट्रकांमुळे रस्ता ओलांडायची सोय नव्हती. पाहणी संपली आणि सप्टेंबर 2012 मध्ये राज्याने खाणी थांबवल्या. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाची बंदी आली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली गोव्याच्या वाट्याला आलेला आकडा मात्र त्या तेजीच्या वर्षाचाच होता. ग्रामीण भागात 42.24 टक्के, शहरी भागात 33.02 टक्के, मिळून 5.32 लाख माणसं. देशपातळीवर हेच प्रमाण 75 आणि 50.

मुक्तीनंतर बराच काळ रेशन सगळ्यांचंच होतं. 1997 मध्ये दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी कार्डांची वाटणी झाली. खालच्यांना सुरुवातीला कुटुंबामागे महिन्याला 10 किलो मिळायचं, ते वाढत 2002 पर्यंत 35 वर गेलं. 2000 च्या डिसेंबरात सर्वांत गरीब कुटुंबांसाठीची अंत्योदय योजना आली. मुद्दा अडला तो खालचे कोण, हे ठरवण्यावर.

त्यासाठी झालेली 2002 ची ग्रामीण कुटुंबांची पाहणी नीट बघण्यासारखी आहे. 13 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 52. जमीन, घर, अंगावरचे कपडे, कर्ज वगैरे सगळं त्यात होतं, आणि एक प्रश्न थेट जेवणाचा होता. वर्षातला बराच काळ दिवसाला एक वेळसुद्धा पोटभर मिळत नाही, तर शून्य. वर्षभर पुरेसं मिळतं, तर चार. मधल्या पायऱ्यांवर एक वेळ, दोन वेळ, अधूनमधून टंचाई. या प्रश्नावर टीकाही बरीच झाली. शून्य म्हटलं की फायदा, हे कळायला कुणाला वेळ लागत नाही. उलट ज्याच्या घरी खरोखरच संध्याकाळची चूल पेटत नाही, तो गावातल्याच माणसापुढे तसं कबूल करत नाही. शिवाय गरिबांची कमाल संख्या वरून आधीच ठरलेली होती, त्यामुळे किती गुणांच्या आतला गरीब हे त्या संख्येकडे बघून ठरवायचं होतं.

पुढच्या, 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत जेवणाचा प्रश्नच नाही. त्याऐवजी डोळ्यांना दिसतील आणि तपासता येतील अशा गोष्टी आल्या, आणि त्यांतली एक जरी घरी असली तर ग्रामीण कुटुंब गरिबांच्या हिशोबातून आपोआप बाहेर : नोंदणी लागणारी दुचाकी किंवा मासेमारीची होडी, फ्रिज, लँडलाइन फोन, पक्क्या भिंती-छपराच्या तीन किंवा जास्त खोल्या. हेतू वाईट नव्हता, खोटं बोलायला वाव कमी करायचा होता. पण गोव्यात बस सातनंतर मिळेलच असं नाही, म्हणून मोलकरणीच्या घरीही जुनी स्कूटर असते. भिंती चिऱ्याच्या असतात, कारण चिरा इथेच निघतो. आजोबांचं घर, घर क्रमांक एक, आत तीन भावांच्या तीन चुली. कागदावर ते एक पक्कं मोठं घर. अन्नसुरक्षेसाठी राज्यांनी आपापले निकष लावायचे होते, तरी घर ओळखायचं ते वस्तूंवरून, ही सवय तिथून सगळीकडे रुजली. माझ्या मते 2002 चा सदोष प्रश्न सुधारून ठेवायला हवा होता, काढून टाकायला नको होता. अन्नाच्या नावाने कायदा आणायचा आणि लाभार्थी शोधताना अन्नाबद्दल अवाक्षर विचारायचं नाही, हे विचित्रच.

खाण पट्ट्यात हा दोष उघडा पडला. कर्जावर घेतलेला ट्रक अंगणात उभा, हप्ता चालू, धंदा बंद. 2018 मध्ये खाणींच्या 88 लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयात रद्द झालं आणि खाणी दुसऱ्यांदा थांबल्या. ट्रक ही पाहणीवाल्याच्या दृष्टीने मालमत्ताच. याच सुमाराची राष्ट्रीय आरोग्य पाहणी सांगते की पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण गोव्यात 20.1 टक्क्यांवरून (2015-16) 25.8 वर (2019-21) गेलं. श्रीमंत राज्य म्हणून मिरवताना हा आकडा सहसा कुणी काढत नाही. कायद्यातली संख्या नव्या जनगणनेनंतरच बदलू शकते. 2021 ची झाली नाही, पुढची 2027 ची आहे.

राज्याने स्वतःची वेगळी वाट 2012 मध्येच काढली होती. महागाईची झळ कमी करायला गृह आधार योजनेत गृहिणीच्या खात्यात थेट पैसे जमा होऊ लागले. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 3 लाख, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या कितीतरी वर. त्यामुळे चिऱ्याच्या घरातली बाईही यात बसली. गोव्यात 15 वर्षांचं वास्तव्य ही अट मात्र कडक. झुआरीनगर किंवा मोतीडोंगरावर भाड्याच्या खोलीत राहणारी, कर्नाटकातून आलेली कुटुंबं तिथेच गळतात, कारण घरमालक भाड्याचा कागद करून देत नाही आणि कागदाशिवाय वर्षं मोजता येत नाहीत.

‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे जानेवारी 2020 पासून परराज्यातलं रेशन कार्ड गोव्यात चालू लागलं, आणि तीन महिन्यांत टाळेबंदी आली. सोय खरी, पण कार्डावरचं महिन्याचं धान्य गावाकडे राहिलेल्या आईवडिलांनी उचललेलं असलं, तर इथल्या रेशन दुकानात ओळख पटवणाऱ्या पॉस मशीनवर अंगठा लावून उपयोग नसतो. आणि ज्यांचं गावाकडेही कार्ड नाही, त्यांना ही योजना लागूच नाही.