एकच लढाई, वेगळ्या आठवणी

शोकांतिका जितकी मोठी तितकी तिची आठवण टिकाऊ, असा एक भाबडा समज असतो. १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने पहिल्या महायुद्धापेक्षा जास्त बळी घेतले. तरीही फ्रान्समध्ये त्या युद्धाचे स्मारक नसलेले गाव शोधावे लागते, आणि साथीचे स्मारक असलेले गावही शोधावेच लागते. युद्धात मेलेला माणूस गावाचा, पलटणीचा, देशाचा होता. साथीत मेलेला फक्त घरचा. घरच्यांनी दोन पिढ्या त्याचे नाव घेतले आणि विषय संपला.

आठवणींचा हा हिशेब पद्धतशीरपणे मांडला तो मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने, १९२५ मध्ये. माणूस एकट्याने आठवत नाही, असे त्यांचे म्हणणे. कुटुंब, धर्म, वर्ग यांनी घालून दिलेल्या चौकटीत बसते ते टिकते. चौकट बदलली की आठवणही बदलते. हे सुचायला ते अगदी योग्य जागी होते. त्या काळात ते स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात शिकवत. हे शहर ज्या अल्सास प्रांतात आहे तो १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला आणि १९१८ मध्ये फ्रान्सकडे परत आला. अल्सास-लोरेनमधले सुमारे ३ लाख ८० हजार पुरुष महायुद्धात जर्मन गणवेशात लढले, आणि युद्ध संपले तेव्हा त्यांच्या आया फ्रान्सच्या झालेल्या होत्या. इतर फ्रेंच गावांनी स्मारकांवर ‘फ्रान्ससाठी प्राण दिले’ असे बिनदिक्कत कोरले. इथे काय कोरणार? स्ट्रासबुर्गमध्ये १९३६ साली उभ्या राहिलेल्या स्मारकाने त्यातून वाट काढली ती अशी: एक आई, तिच्यापाशी दोन मरणारे मुलगे, दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. खाली फक्त ‘आमच्या मृतांना’. देशाचे नाव घेणे अडचणीचे होते, म्हणून नात्याचा आधार घेतला.

असा समजूतदारपणा सगळीकडे जमला नाही. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आयर्लंडचे, आणि तेही त्याच महायुद्धातले.

१ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीकाठची लढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्याचे १९ हजारांहून अधिक सैनिक ठार झाले. त्यात ३६ वी अल्स्टर डिव्हिजन होती. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर भागातल्या, ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या प्रोटेस्टंटांची ही तुकडी. एका वस्तीतले, एका गिरणीतले, एका घरातले भाऊ-भाऊ एकत्र भरती झालेले, त्यामुळे मृतांच्या याद्या आल्या त्या गल्लीच्या गल्लीवर कोसळल्या. सुमारे ५,५०० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. तारखेनेही भर घातली. अल्स्टरचे प्रोटेस्टंट ज्या बॉइनच्या लढाईचा विजय साजरा करतात, ती जुन्या पंचांगाप्रमाणे १ जुलै १६९० ला झाली होती. म्हणजे नव्या दुःखासाठी जागा आधीपासून तयारच होती. १९२१ मध्ये उत्तर आयर्लंड हा वेगळा प्रांत झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये रणभूमीवर अल्स्टर टॉवर उभा राहिला. घराचे दुःख आणि प्रांताचा अभिमान एकाच सुरात बोलू लागले. सोमची आठवण तिथे आजही जागती आहे ती यामुळे.

त्याच सोमवर सप्टेंबरमध्ये गियमाँ आणि जाँशी या गावांपाशी १६ वी आयरिश डिव्हिजन लढली. हे बहुतांशी दक्षिणेकडचे कॅथलिक. ब्रिटनला मदत केली तर स्वराज्य पदरात पडेल, या आशेने त्यांतले कितीतरी जण गेले होते. ते आघाडीवर असतानाच, एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला, मेमध्ये त्याच्या नेत्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि देशाचे वारे फिरले. वाचलेले सैनिक परतले ते वेगळ्याच देशात. ब्रिटनपासून वेगळ्या झालेल्या दक्षिणेतल्या नव्या राष्ट्राच्या कथेत नायक होता तो ब्रिटिशांशी लढलेला. ब्रिटिशांच्या बाजूने लढून मेलेल्याला तिथे जागा नव्हती. कित्येक घरांत पदके कपाटात गेली आणि आजोबांचा विषय निघेनासा झाला. डब्लिनच्या आयलंडब्रिज इथले स्मारक-उद्यान १९३० च्या दशकात बांधले गेले, पण त्याचे औपचारिक उद्घाटन व्हायला १९८८ उजाडले. दहा वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९९८ ला, आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकलीज आणि राणी एलिझाबेथ यांनी बेल्जियममधल्या मेसीन इथे उत्तर-दक्षिण दोन्हीकडच्या मृतांसाठी एकत्र स्मारक खुले केले. कुटुंबाला आठवायचे होते, देशाला नको होते. अशा ओढाताणीत देश जिंकतो, निदान दोन-तीन पिढ्या तरी.

कधी उलटेही होते. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख लोक मेले आणि जवळपास तेवढेच देश सोडून गेले. आयरिश म्हणवून घेण्याच्या मुळाशीच हा दुष्काळ आहे, अमेरिकेत गेलेल्यांच्या वंशजांत तर फारच. पण १९३० आणि ४० च्या दशकांत लोकपरंपरा टिपणाऱ्यांनी खेड्यांत विचारले, तेव्हा बऱ्याच जणांचे उत्तर असे, की माणसे मेली ती शेजारच्या भागात, आमच्याकडे एवढे नव्हते. मला यात लाज दिसते, आणि थोडी सोयही: उठवलेल्या शेजाऱ्याची जमीन काहींच्याच पदरात पडली होती. ज्यांची घरे समूळ बसली, त्यांच्या वतीने बोलायला कोणी उरलेच नव्हते.

पानिपत आठवल्याशिवाय मराठी माणसाला हे वाचता येणार नाही. १४ जानेवारी १७६१ ला तिथे जे झाले ते दौलतीचे नुकसान होते, पण आठवण टिकली ती घरटी माणूस गेल्यामुळे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पती गेल्याचे मानलेच नाही. म्हणून तर पुढे भाऊंचा तोतया उभा राहू शकला आणि १७७६ पर्यंत दौलतीला छळत राहिला. हरियाणातला रोड समाज अलीकडच्या दशकांत स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानू लागला आहे. इतिहासकारांत त्यावर एकमत नाही, पण दर १४ जानेवारीला काला आंब इथे जमणाऱ्यांचे त्यावाचून अडत नाही.

जर्मन अभ्यासक यान आसमान यांनी घरातून घरात तोंडी चालणाऱ्या आठवणीचे आयुष्य ८० ते १०० वर्षे धरले: तीन-चार पिढ्या. त्यानंतर तिला दगड, ग्रंथ किंवा उत्सव लागतो. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ मध्ये त्सुनामी आली. तेव्हापासून आजी-आजोबा नातवंडांना सांगत आले, की जोराचा भूकंप होऊन समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळायचे. बेटावरचे लोक त्या लाटेला ‘स्मोंग’ म्हणतात. अंगाईतही तो शब्द येतो. २६ डिसेंबर २००४ ला, ९७ वर्षांनी, लाट पुन्हा आली. इंडोनेशियात दीड लाखाहून अधिक माणसे गेली. भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असूनही सुमारे ७८ हजार वस्तीच्या सिमेउलुएमध्ये ७. समोर सुमात्राच्या आचे भागातल्या किनाऱ्यावर ही गोष्ट पोचलीच नव्हती. ती बेटाच्या बोलीत होती आणि बेटावरच्याच घरांत सांगितली जात होती.