पर्लचे इशारे बोलके होत गेले

डिसेंबर १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा प्रसिद्ध केली, ती मुख्यतः मजकुराच्या फाइल्स चाळून अहवाल काढण्यासाठी. अशा छोट्या कामांत भाषेने अडवून धरू नये, हा तिचा स्वभाव. व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) किंमत दिलेली नसेल तर बेरजेत ती शून्य, मजकुरात कोरी स्ट्रिंग, आणि काम चालू. तक्रारी, म्हणजे इशारे (वॉर्निंग्ज), ऐकायच्या असतील तर प्रोग्राम चालवताना ‘-डब्ल्यू’ (-w) हा स्विच द्यायचा. पर्लच्या मॅन पेजवर (सोबतच्या माहितीपानावर) दोषांच्या यादीत एक नोंद आहे: हा स्विच सक्तीचा नाही. गंमत म्हणून लिहिलेली असली, तरी अगदी खरी.

पण स्विच संपूर्ण प्रोग्रामला लागू होतो, त्यात दुसऱ्यांनी लिहिलेली मॉड्यूल्सही (तयार कोडचे भागही) आली. त्यांच्या इशाऱ्यांच्या गर्दीत स्वतःची चूक सापडेना. मार्च २००० मध्ये ५.६ आवृत्तीने ‘यूज वॉर्निंग्ज’ आणले; त्याचा अंमल लिहिलेल्या फाइलपुरता किंवा ब्लॉकपुरताच. ‘यूज स्ट्रिक्ट’ त्याआधीच, १९९४ च्या पर्ल ५ मध्ये आले होते. घोषित न केलेले व्हेरिएबल वापरण्यासारखी चूक दिसली की ते नुसता इशारा देत नाही, थेट थांबवते.

संदेशांची भाषा मात्र सावकाश सुधारली. ‘अनइनिशियलाइज्ड व्हॅल्यू’चा (किंमत न दिलेल्या व्हेरिएबलचा) इशारा पूर्वी फक्त ओळ सांगे, त्या ओळीत चार व्हेरिएबल्स असतील तर कोणते रिकामे ते आपणच शोधायचे. ५.१० पासून (डिसेंबर २००७) शक्य तिथे व्हेरिएबलचे नावही येते. ५.२२ पासून (२०१५) ‘ग्लोबल सिम्बॉल’च्या, म्हणजे घोषित न केलेल्या व्हेरिएबलच्या, एररपुढे ‘माय’ (my) या शब्दाने घोषित करायला विसरलात का, अशी विचारणा असते. संदेश तरीही कळला नाही, तर ‘यूज डायग्नॉस्टिक्स’ लिहा. खाली सविस्तर खुलासा छापून येतो. त्यातल्या कंसातला ‘डब्ल्यू’ म्हणजे इशारा, ‘एफ’ म्हणजे प्रोग्राम थांबवणारी चूक.

२०२२ पासून पहिल्या ओळीत ‘यूज व्ही५.३६’ लिहिले की स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज दोन्ही सुरू होतात. ही ओळ नसलेली स्क्रिप्ट आजही गप्पच राहते, कारण जुन्या स्क्रिप्ट्स मोडायच्या नाहीत.

सिंटॅक्स एररची, म्हणजे भाषेच्या व्याकरणातल्या चुकीची, कथा निराळी. एक सेमीकोलन राहिला तरी जुनी पर्ल एकामागून एक एरर काढी आणि १० झाल्यावर हात टेकी. ५.३८ (२०२३) पहिल्याच सिंटॅक्स एररला थांबते. जुन्या आवृत्तीवर असाल तर फक्त पहिला संदेश वाचा, ती चूक दुरुस्त करा आणि ‘-सी’ (-c) या फक्त सिंटॅक्स तपासणाऱ्या स्विचने पुन्हा तपासा. सांगितलेली ओळ पार्सर (पर्लचा कोड वाचणारा भाग) अडखळला तिथली असते. राहिलेला सेमीकोलन बहुधा तिच्या वरच्या ओळीत सापडतो.