रूळ उखडले तरी पूल कामाचाच

पाचोरा–जामनेरची ‘पीजे’ रेल्वे नॅरोगेजची (अरुंद मार्गाची) आता ब्रॉडगेज (रुंद मार्गाची) होते आहे. दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर असलेल्या त्या जुन्या मार्गाचे छोटे पूल भंगारात न जाता पायवाटेसाठी वापरावेत, असं मला मनापासून वाटतं. त्याला जिव्हाळा कारण आहेच, पण गणितही आहे.

भुसावळहून सुरतमार्गे अहमदाबादला जाणाऱ्यांनी भरूचचा गोल्डन ब्रिज खिडकीतून पाहिला असेल. नर्मदेवरचा हा पूल १८८१ साली रेल्वेसाठी बांधला. १९३५ मध्ये शेजारी सिल्व्हर ज्युबिली पूल झाला, गाड्या तिकडे वळल्या आणि जुन्यावरून पुढे रस्ता गेला. २०२१ मध्ये नर्मदा मैया पूल खुला होईपर्यंत रिक्षा, मोटारसायकली त्यावरूनच अंकलेश्वर गाठायच्या.

हे जमतं कसं? आज ब्रॉडगेज पुलाच्या आखणीत एका मार्गासाठी मीटरमागे आठ टनांहून जास्त मालगाडीचा भार धरतात; इंजिनाचे दणके वेगळेच. पादचारी पुलावर मात्र माणसांची दाटी धरली तरी चौरस मीटरला ५०० किलो. म्हणजे दोन मीटर रुंद वाटेवर मीटरमागे एक टन. नॅरोगेजची गाडी हलकी खरी, तरी तिच्या इंजिनाच्या चाकांच्या एकेका आसावर काही टन येतातच.

तपासणी मात्र टळत नाही. वर्षानुवर्षं गाडीखाली वाकून पुन्हा सरळ होताना लोखंड थकतं आणि रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्याच्या, भोकाशी बारीक चीर सुरू होते. तपासनीस रिव्हेटच्या डोक्याला एका बाजूने बोट लावतो, दुसऱ्या बाजूने हातोडी मारतो. घट्ट असेल तर आवाज खणखणीत. ढिला असेल तर बद्द, आणि बोटाला थरथर कळते. पायाचा धोका त्याहून फसवा. पुराचं पाणी खांबाभोवती भोवरे करून वाळू उपसतं, आणि ओसरताना तोच खड्डा गाळाने बुजवून जातं. वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून खांबाचा पाया किती खोल आहे हे मोजूनच पाहावं लागतं.

शिवाय आपलं ऊन. पहाटेच्या थंडीत १० अंशांवरचं पोलाद वैशाखात ६० अंशांपर्यंत तापलं, तर २० मीटरचा गर्डर (पुलाची पोलादी तुळई) साधारण १२ मिलिमीटर लांबतो. म्हणून त्याचं एक टोक सरकायला मोकळं ठेवलेलं असतं. पायवाट करताना त्यावर सलग काँक्रीट ओतून ते जखडलं, तर ताण थेट दगडी खांबावर येतो. त्यापेक्षा सुट्या फळ्या टाकाव्यात, टोकाला फट राखावी, दोन्ही बाजूंना कठडे लावावेत आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी पाया तपासावा.