टर्मिनल पेजरमधील सिंटॅक्स हायलायटिंग

लांब मजकूर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रामला पेजर म्हणतात. त्यात उघडलेल्या कोडमधले कीवर्ड, स्ट्रिंग आणि कमेंट वेगवेगळ्या रंगांत दिसावेत यासाठीची व्यवस्था म्हणजे पेजरमधील सिंटॅक्स हायलायटिंग. फाइलमध्ये चुकून बदल होण्याची धास्ती न बाळगता कोड नुसता वाचायचा असतो, तेव्हा तिचा खरा उपयोग होतो.

पेजर स्वतः काहीच रंगवत नाही, ही यातली कळीची गोष्ट. डॅनियल हॅल्बर्ट यांनी १९७८ मध्ये बर्कली विद्यापीठात 'मोर' हा पेजर लिहिला आणि पुढे १९८० च्या दशकात मार्क न्यूडेलमन यांचा, मागेपुढे कुठेही जाऊ देणारा 'लेस' आला. लेसच्या लेखी सी भाषेतला प्रोग्राम आणि साधे पत्र यांत फरक नाही. कोड ओळखून रंगवायचा दुसऱ्या प्रोग्रामने, आणि पेजरने तो रंग पडद्यापर्यंत जाऊ द्यायचा. रंग दिसत नसतील, तर बिघाड या दोहोंपैकी कुठे आहे हे आधी पाहावे.

रंगाची सूचना मजकुरातच मिसळलेली असते. एस्केप कॅरेक्टर, उघडा चौकोनी कंस, ३१ हा आकडा आणि स्मॉल एम असा क्रम आला की टर्मिनल पुढची अक्षरे लाल दाखवतो. ३१ च्या जागी ० आले की पुन्हा मूळ रंग. लेस मात्र अशी कंट्रोल कॅरेक्टर, म्हणजे अक्षरे नसून सूचना असलेली चिन्हे, उघडी करून दाखवतो. त्यामुळे रंगीत आउटपुट त्यात थेट सोडले, तर रंगांऐवजी जागोजागी 'ईएससी' आणि आकडे दिसतात. कॅपिटल आर हा पर्याय दिला की रंगांचे क्रम जसेच्या तसे पुढे जातात. स्मॉल आर सगळीच कंट्रोल कॅरेक्टर सोडतो. मग पडद्यावर काय कुठे आहे याचा लेसचा हिशेब चुकतो आणि लांब ओळी भलतीकडे तुटतात. शिवाय अनोळखी फाइलमधल्या वाटेल त्या सूचना टर्मिनलपर्यंत पोहोचतात. म्हणून वापरायचा तो कॅपिटल आरच.

रंगवण्यासाठी पिगमेंटाइज, ग्नूचा सोर्स-हायलाइट किंवा रस्ट भाषेत लिहिलेला बॅट वापरतात. बॅट सर्वांत सोयीचा: तो लेसला स्वतःच बोलावतो, ओळींचे क्रमांक देतो आणि गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममधले बदल समासात दाखवतो. डेबियन व उबुंटूवर त्याची कमांड 'बॅटकॅट' या नावाने बसते, हे ठाऊक नसले की नवखा माणूस अडतो.

लेसचीच सवय मोडायची नसेल, तर 'लेसओपन' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राम वाचतात अशी नाव दिलेली सेटिंग, आहे. त्यात उभी रेघ, रंगवणारी स्क्रिप्ट आणि फाइलच्या नावाच्या जागी टक्केचिन्ह व एस असे लिहिले, की लेस प्रत्येक फाइल आधी त्या स्क्रिप्टमधून काढतो. स्क्रिप्टने काहीच दिले नाही, तर मूळ फाइल दिसते. सोर्स-हायलाइटसोबत अशी तयार स्क्रिप्ट येते. पण मजकूर पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रामचे आउटपुट थेट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीतून, येत असल्याने त्याची एकूण लांबी लेसला आधी कळत नाही, आणि मोठी लॉग फाइल उघडताना रंगवण्याचा वेळ जाणवतो. अशा वेळी कॅपिटल एल देऊन लेसओपन तेवढ्यापुरते बंद ठेवावे.

पुष्कळ प्रोग्राम आउटपुट टर्मिनलवर जाते आहे की पाइपमध्ये, हे तपासतात आणि पाइप दिसला की रंग गाळतात. मजकुरात शब्द शोधणाऱ्या ग्रेपचे निकाल लेसमध्ये रंगीत हवे असतील, तर '--कलर=ऑलवेज' असे बजावून सांगावे लागते. गिटची गोष्ट वेगळी. पेजर तोच सुरू करतो, म्हणून रंगही ठेवतो; आणि 'लेस' नावाचे व्हेरिएबल ठरवलेलेच नसेल, तर त्यात कॅपिटल आर स्वतः भरतो. पण कोणी त्या व्हेरिएबलमध्ये शोधासाठी फक्त स्मॉल आय लिहून ठेवला, तर गिट त्याला हात लावत नाही, आणि गिट लॉगमध्ये कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) पिवळ्या ओळीऐवजी ३३ चा कच्चा कोड उमटतो. तिथे आयच्या जोडीला कॅपिटल आर लिहिला की काम झाले.

रंगवणारा प्रोग्राम भाषा बहुधा फाइलच्या एक्स्टेन्शनवरून किंवा पहिल्या ओळीवरून ओळखतो. पाइपमधून आलेल्या मजकुराला नावच नसते, म्हणून बॅट आणि पिगमेंटाइज या दोघांनाही तिथे स्मॉल एल देऊन भाषा सांगणे उत्तम.