विराम, काव्यवाचनातील (खानदेश)

कविता मोठ्याने वाचताना कोठे व किती थांबावे हे छंद व चिन्हे यांवरून ठरवण्याची पद्धत. छंदाने नेमलेला थांबा म्हणजे यती. विरामचिन्ह अर्थासाठी असते. दोन्ही दर वेळी एकाच जागी पडत नाहीत.

जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहीत. चरणाअखेर एक दंड (।) व कडव्याअखेर दोन (॥), एवढ्यावर वाचणाऱ्याचे भागे, बाकी चाल सांगे. स्वल्पविराम, अर्धविराम, उद्गारचिन्ह ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. त्यांचे श्रेय बहुधा मराठीचे इंग्रज कोशकार मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. तथापि छापखाने व क्रमिक पुस्तके यांतून ती सावकाश रुळली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

खानदेशात हा प्रश्न बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या गाण्यांमुळे विशेष महत्त्वाचा ठरतो. आसोद्याच्या बहिणाबाई निरक्षर होत्या. पुत्र सोपानदेव व आप्तांनी गाणी उतरवून घेतली. संग्रह १९५२ मध्ये निघाला. त्यामुळे त्यांतील प्रत्येक स्वल्पविराम उतरवणाऱ्याचा किंवा संपादकाचा आहे. वाचताना आधी छंद धरावा, मग चिन्ह. ‘अरे संसार संसार’ हा आठ अक्षरांचा चरण एका दमात जातो. पहिल्या ‘संसार’नंतर थांबल्यास पाच व तीन असे तुकडे पडून ओवीची लय मोडते. खरा थांबा आठव्या अक्षरानंतर आहे.

धरणगावच्या बालकवींची (त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९०–१९१८) रचना मात्र लेखी असल्याने तेथे चिन्हांना अधिक वजन आहे. ‘क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे’ या ओळीत ८, ८, ८ व ६ अशा ३० मात्रा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन) आहेत. सोळाव्या मात्रेनंतर यती व स्वल्पविराम एकत्र येतात. तेथे पुरते थांबावे. आठव्या व चोविसाव्या मात्रेनंतर वाक्य चालू असते, म्हणून नुसता ठेका द्यावा, श्वास घेऊ नये.

नेहमीचा दोष म्हणजे ओळ संपली की आवाज खाली टाकणे. वाक्य पुढच्या ओळीत जात असेल, तर शेवटचा स्वर किंचित धरून आवाज समपातळीवर ठेवावा. स्वल्पविरामाला एक, अर्धविरामाला दोन, पूर्णविरामाला तीन मात्रांचा अवकाश पुरतो. उद्गारचिन्हाने आवाज चढतो, थांबा वाढत नाही. तयारी करताना टाळीवर एकदा चाल म्हणून यतीखाली पेन्सिलीने एक तिरपी रेघ, श्वासाच्या जागी दोन रेघा माराव्यात. श्वासाची जागा शब्दाच्या मध्ये येत असल्यास ती मागच्या यतीवर घ्यावी.